आधी काचपेटी, मग तलाव : तळ्यातले सूक्ष्मजीव घरी पाहण्याची रीत

बहुतेकांचं बिघडतं ते पहिल्याच रविवारी. सकाळी तलावावरून बाटली भरून आणायची, खिडकीत ठेवायची आणि मग टाकी, रेती, भिंग यांची शोधाशोध करायची. तेवढ्यात बाटलीतलं पाणी तापतं, त्यातला प्राणवायू संपतो, डॅफ्निया (एक-दोन मिलीमीटरचे पाणपिसू) पांढऱ्या पडून तळाला जातात आणि सोमवारी झाकण उघडलं की कुजका वास येतो. मग निष्कर्ष ठरलेला : ‘आमच्या पाण्यात काही नव्हतंच.’ होतं, पण क्रम उलटा झाला. पाण्याची पेटी आठ-दहा दिवस आधी करायला घ्यायची, तलावावर त्यानंतर जायचं.

हा लेख बडोद्याचं हवापाणी धरून लिहिला आहे. मोसम दिवाळी ते होळी. पावसाळ्यात तलाव गढूळ असतात आणि मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की घरातली छोटी पेटी सांभाळणं कठीण होतं. गणपती विसर्जनाच्या आसपास तर कुठल्याच तलावाचं पाणी आणू नका, त्यात रंग आणि प्लास्टर उतरलेलं असतं.

१. सामान

काच आणि सिलिकॉन सोडलं तर बाकीचं बरंचसं घरात सापडतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग (घड्याळजी आणि सराफ वापरतात ते), दोन-तीन ड्रॉपर, अर्ध्या लिटरच्या रुंद तोंडाच्या तीन बाटल्या, पांढरी बशी, जुन्या ओढणीचा किंवा मलमलीचा तुकडा, मेणबत्ती, कापूस, व्हॅसलीन, इसबगोल. मायक्रोस्कोप शाळा-कॉलेजात असतो तो पुरे : ४, १० आणि ४० चं ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडकडचं भिंग), १० चं आयपीस (डोळ्याकडचं); दोन्हींचा गुणाकार म्हणजे एकूण पट. तेलात बुडवायचं १०० चं ऑब्जेक्टिव्ह या कामाला लागत नाही, त्यासाठी जास्तीचे पैसे घालू नका. कागदाचा घडीचा फोल्डस्कोप १४० पट मोठं दाखवतो, त्यावरही निम्मं काम होतं.

कव्हर स्लिप (स्लाइडवरच्या थेंबावर ठेवायच्या पातळ काचा) २२ मिलीमीटरच्या घ्या. १८ च्या का नकोत, ते सातव्या टप्प्यात येईल.

*इशारा :* ड्रॉपर, बशी, गाळणं एकदा तलावाच्या पाण्याला लागलं की ते परत स्वयंपाकघरात न्यायचं नाही. वेगळा डबा करून त्यावर नाव घाला.

२. पेटी : अरुंद, सपाट, साधी

गोल बरणीत जीव जगतात, पण दिसत नाहीत. काच वळलेली असल्यामुळे भिंगातून सगळं ताणलेलं दिसतं. बाजारातला मासे पाळायचा टँक सपाट असतो, पण इतका रुंद की मागच्या भागात भिंगाची नजर पोचत नाही. दहापट भिंगाचं फोकस अडीच सेंटीमीटरवर लागतं. काचेला भिंग जवळजवळ टेकवलं तर पाण्यात आत जेमतेम तीन सेंटीमीटरपर्यंत स्पष्ट दिसतं. म्हणून पेटीची आतली रुंदी तीन सेंटीमीटर, त्याहून जास्त नाही.

काचवाल्याकडून ४ मिलीमीटर जाडीच्या काचेचे हे पाच तुकडे कापून घ्या आणि कडा घासून द्यायला सांगा :

- पुढची आणि मागची काच : २५ × १५ सेंमी, दोन नग
- तळाची पट्टी : २५ × ३ सेंमी, एक नग
- बाजूच्या पट्ट्या : १४.६ × ३ सेंमी, दोन नग

बाजूची पट्टी १५ ऐवजी १४.६, कारण ती तळाच्या पट्टीवर उभी राहते आणि त्या पट्टीची जाडी ०.४ आहे. हे चार मिलीमीटर विसरले की वरची कड वर-खाली होते.

चिकटवायचा क्रम असा. मागची काच वर्तमानपत्रावर आडवी ठेवा. सगळ्या कडा स्पिरिटने पुसा आणि त्यानंतर तिथे बोट लावू नका. तळाच्या आणि बाजूंच्या पट्ट्यांच्या एका लांब कडेवर सिलिकॉनची तीन मिलीमीटरची अखंड रेघ ओढून त्या मागच्या काचेवर कडेला उभ्या करा. पट्ट्या जिथे एकमेकींना भेटतात त्या दोन कोपऱ्यांतही सिलिकॉन भरा. मग पट्ट्यांच्या वरच्या कडांवर तशीच रेघ ओढून पुढची काच वरून अलगद ठेवा आणि एखादं हलकं पुस्तक वजनाला द्या. हे सगळं दहा मिनिटांत उरकायला हवं, नाहीतर सिलिकॉनवर साय धरते आणि ते नीट चिकटत नाही. शेवटी साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट आतल्या सांध्यांवरून एकदाच फिरवा. परत परत फिरवलं की थर पातळ होतो, आणि गळतं ते नेमकं तिथूनच.

*इशारा :* सिलिकॉन मत्स्यालयाचं घ्या. बाथरूमसाठी मिळणाऱ्या बुरशीरोधक सिलिकॉनमध्ये बुरशी मारायचं औषध असतं, ते पाण्यात उतरतं आणि आधी जातात ते छोटे जीव.

पेटी तीन दिवस उघडी ठेवा. सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो पूर्ण जायला हवा. नंतर ३० × १० सेंमीच्या फरशीच्या तुकड्यावर ती सिलिकॉननेच चिकटवा. इतकी अरुंद पेटी नुसती ठेवली तर मांजराच्या धक्क्यानेही आडवी होते.

*तपासणी :* पेटीत काठोकाठ पाणी भरून कोऱ्या वर्तमानपत्रावर चोवीस तास ठेवा. कागद एका जागी जरी ओला दिसला तरी पाणी काढा, पेटी पूर्ण वाळवा आणि आतून पुन्हा सिलिकॉन भरा. ओल्यावर लावलेलं सिलिकॉन धरत नाही.

३. पेटी बसवणं

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. बादलीभर पाणी चोवीस तास उघडं ठेवलं की ते उडून जातं. बोअरचं पाणी क्षारांनी जड असतं, ते टाळलेलं बरं. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, त्यामुळे पेटी भरायला तेही चालत नाही. (मात्र पुढे रोजची घट भरायला तेच सर्वांत चांगलं. बाष्प होऊन फक्त पाणी जातं, क्षार मागे राहतात, आणि घट नळाच्या पाण्याने भरत गेलात तर महिन्याभरात क्षार वाढत जातात.)

बांधकामाची नदीची रेती शंभर-सव्वाशे ग्रॅम घ्या, म्हणजे तळाला एक सेंटीमीटरचा थर होईल. वरचं पाणी नितळ राहीपर्यंत धुवा, सहा-सात पाणी लागतातच. रंगीत खडे नकोत. साधारण ५०० मिली पाणी घाला, म्हणजे पातळी तळापासून आठ सेंटीमीटरवर येईल. हायड्रिला या पाणवनस्पतीच्या दोन काड्या रेतीत खोचा. ती मत्स्यालयाच्या दुकानात मिळते, पण वाहत्या पाण्याखाली धुऊन घ्या, दुकानातल्या टाक्यांत माशांची औषधं घातलेली असतात.

पेटी उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीजवळ ठेवा. पश्चिमेच्या खिडकीत, अगदी जानेवारीतही, दुपारी तीन ते पाचच्या उन्हात एक लिटरसुद्धा नसलेलं पाणी पटकन तापतं. पाण्याचा पारा तीसच्या खाली राहायला हवा.

हवेचा पंप नको, फिल्टर नको. पंप पाणी घुसळतो आणि फिल्टरचा स्पंज जे पाहायचं तेच ओढून घेतो. गप्पी मासे तर मुळीच नकोत. ‘शोभेला एक’ म्हणून सोडलेला मासा दोन दिवसांत सगळा डॅफ्निया फस्त करतो.

वर मलमल ताणून रबरबँड लावा. साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात आणि उकाड्याच्या दिवसांत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. घरात डेंग्यूची पैदास करून जीवशास्त्र शिकायचं नाही.

पेटी अशीच तीन-चार दिवस राहू द्या. मग तलावावर जा.

४. नमुना आणणं

पहिली गोष्ट : विश्वामित्रीच्या काठावर उतरू नका. नदीत मगरी आहेत, अगदी शहरातून जाणाऱ्या भागातही, शिवाय पाण्यात सांडपाणी मिसळतं. आजव्याच्या तलावातही मगरी आहेत. शहराबाहेरच्या गावतलावावर गेलात तर पाण्याजवळ जाण्याआधी काठावरच्या माणसाला ‘मगर छे के?’ एवढं विचारा. लोक हसत नाहीत, सरळ उत्तर देतात. मुलांना घेऊन जाणार असाल तर गुरांच्या पाण्याचा जुना हौद किंवा नर्सरीतली कमळाची कुंडी यातलं काहीतरी निवडा. जीवांच्या दृष्टीने कमळाची जुनी कुंडी कित्येक तलावांपेक्षा सरस निघते. कमाटीबागेसारख्या सार्वजनिक ठिकाणी विचारल्याशिवाय बाटली बुडवू नका.

नमुना कुठून घ्यायचा यात सगळ्यांत जास्त चुका होतात. लोक हात लांब करून मधलं स्वच्छ पाणी घेतात, आणि त्यात सर्वांत कमी जीव असतात. गर्दी असते ती कशाला तरी चिकटून. म्हणून तीन बाटल्यांत तीन गोष्टी आणा.

पहिल्या बाटलीत पिळलेलं पाणी. जलपर्णीची लोंबती मुळं किंवा पाण्यातल्या झाडाचा शेवाळलेला झुपका मुठीत धरून बाटलीच्या तोंडावर हळू पिळा. जे मातकट-हिरवट पाणी पडतं त्यात रोटिफर, व्होर्टिसेला, पॅरामेशियम हे सूक्ष्म प्राणी आणि डायटम (कवचाचं सूक्ष्म शेवाळ) असे सगळे असतात. एकच बाटली आणायची असेल तर ही आणा.

दुसरीत गाळून घेतलेले मोठे जीव. तारेच्या कड्यावर ओढणीचं कापड शिवून जाळी करा, ती काठाजवळ झाडांमधून आठ-दहा वेळा फिरवा, उलटी करून बाटलीतल्या पाण्यात खळबळा. डॅफ्निया, सायक्लॉप्स याच्यात मिळतात. पॅरामेशियम ओढणीतून आरपार निघून जातो, तो जाळीत शोधू नका.

तिसरीत तळाच्या चिखलाचा फक्त वरचा थर, एक मोठा चमचा, भरपूर पाण्यासकट. खालचा काळा चिखल उकरला की घरात सडक्या अंड्यांचा वास येतो आणि पेटी बिघडते.

बाटल्या दोन तृतीयांशच भरा, वर हवा राहू द्या. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा, दोन तासांत घरी पोचा आणि पोचताच झाकणं सैल करा.

*इशारा :* हाताला जखम असेल तर रबरी हातमोजे घाला. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी साबणाने हात धुऊन कोरडे केल्याशिवाय डोळ्याला बोट लावू नये. अशा पाण्यात अकँथअमिबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो आणि तो बुबुळाला गंभीर इजा करतो.

५. पेटीत सोडणं

बाटल्या पेटीशेजारी अर्धा तास ठेवा, म्हणजे दोन्हीकडचं पाणी सारखं गार होईल. तेवढ्या वेळात बशीत थोडं थोडं पाणी ओतून नको ते पाहुणे वेगळे करा : डासांच्या अळ्या, चतुराच्या अळ्या, पाणकिडे. चतुराची एक अळी राहिली तर डॅफ्नियाची वस्ती टिकत नाही. गोगलगाय एखादी चालेल.

मग पहिल्या दोन बाटल्यांमधलं मिळून ३०० मिली पाणी ओता. पातळी बारा सेंटीमीटरवर आली की थांबा, वरचे दोन-अडीच सेंटीमीटर हवेसाठी मोकळे ठेवा. चिखल ड्रॉपरने एका कोपऱ्यात तळाशी सोडा, चमचाभरच. उरलेलं पाणी फेकू नका, एका बरणीत मलमल बांधून राखीव ठेवा.

दोन ते पाच दिवसांत पाणी धुरकट पांढरं होतं. इथे घाबरून पाणी बदलणारे पुष्कळ. ते जिवाणू असतात, आणि त्यांच्यावर जगणारे जीव त्यांच्या मागोमाग वाढतात. पाणी बदललंत की ही साखळी पहिल्या कडीवर तुटते.

*तपासणी :* नाक हे इथलं उत्तम उपकरण. मातीचा, पहिल्या पावसानंतर येतो तसा वास असेल तर ठीक. सडका वास आला तर निम्मं पाणी काढा, चिखल ड्रॉपरने ओढून घ्या आणि चोवीस तास उघडं ठेवलेलं नळाचं पाणी भरा.

६. आधी डोळा, मग भिंग

मायक्रोस्कोप अजून कपाटातच राहू द्या. आठवडाभर रोज दहा मिनिटं पेटीसमोर बसा. मागे काळा कागद लावा, टेबललॅम्प बाजूने, काटकोनात टाका. मागून प्रकाश टाकला की पारदर्शक जीव विरघळल्यासारखे दिसेनासे होतात. बाजूने टाकला की उजळून उठतात.

ओळख पटते ती चालीवरून. धक्क्याधक्क्याने वर उडी आणि मग हळू खाली घसरण, असं सतत चालू असेल तर डॅफ्निया. झटकन सरळ रेषेत तीर मारून थांबणारा सायक्लॉप्स. त्याला कपाळावर एकच लाल डोळा असतो, आणि मादीच्या शेपटीजवळ अंड्यांच्या दोन पिशव्या. तिळाएवढा, शिंपल्यासारखा बंद, रेतीवरून लगबग करणारा ऑस्ट्रॅकॉड. काचेला चिकटलेला, अर्ध्या-एक सेंटीमीटरचा, टोकाला पाच-सहा धागे असलेला देठ दिसला तर तो हायड्रा. प्रकाशाच्या बाजूची काच आधी तपासा, तो बहुधा तिथे सापडतो. हायड्रा वाढले की डॅफ्निया घटतात. हा बिघाड नाही, जेवण चालू आहे.

भिंग डोळ्याशी धरायचं आणि भिंगासकट डोकं काचेकडे न्यायचं. हात लांब करून भिंग काचेवर धरलं तर दिसायचा भाग नाण्याएवढाच राहतो.

पेटीची काच पुसू नका. आठवड्याभरात तिच्यावर येणारा तपकिरी-हिरवा थर हा डायटम आणि शेवाळाचा, आणि त्यांना चरणाऱ्यांचा मुक्काम. पुढच्या काचेवर पोस्टकार्डाएवढी एक खिडकी जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडून मोकळी ठेवा, बाकी राहू द्या.

७. स्लाइड

ड्रॉपरचा फुगा पाण्याबाहेर दाबायचा, दाबलेलाच आत न्यायचा, टोक झाडाच्या पानाला किंवा काचेच्या थराला टेकवून मग सोडायचा. पाण्यात गेल्यावर दाबला की बुडबुडे सुटतात आणि होते ते सगळे पळतात.

थेंब एकच. ड्रॉपरचा थेंब साधारण ०.०५ मिलीचा. २२ मिलीमीटरच्या कव्हर स्लिपखाली तो पसरला की पाण्याचा थर सुमारे ०.१ मिलीमीटर होतो. १८ च्या खाली तोच थेंब दीडपट जाड राहतो, जीव वर-खाली फिरत राहतात आणि फोकस सुटत जातो. पॅरामेशियमला ०.१ मिलीमीटर पुरतं. डॅफ्निया मात्र एक-दोन मिलीमीटरचा, तो चिरडतो. त्याच्यासाठी कव्हर स्लिपच्या चार कोपऱ्यांना मेणाचे किंवा व्हॅसलीनचे पाय लावा आणि थेंब वाढवा. हे साधलं तर पाठीच्या बाजूला, कवचाच्या आत धडधडणारं हृदय आणि त्याच्यामागे, पाठीकडेच अंडी, दोन्ही ४० पटीत दिसतात.

कव्हर स्लिप वरून टाकू नका. एक कड थेंबाला टेकवून दुसरी हळू सोडा, म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत. कडेचं जादा पाणी टिपकागदाने ओढा.

आता मोठी चूक : पहिल्यांदाच ४०० पट लावणं. ४० पटीत सुमारे साडेचार मिलीमीटरचं वर्तुळ दिसतं, ४०० पटीत ०.४५ मिलीमीटरचं. पॅरामेशियम पाव मिलीमीटरचा आणि सेकंदाला मिलीमीटरभर पोहतो. म्हणजे ४०० पटीत तो अर्ध्या सेकंदात दृष्टीआड. ४० वर शोधा, १०० वर पाहा, थांबलेल्यालाच ४०० लावा. ४० चं ऑब्जेक्टिव्ह खाली आणताना बाजूने वाकून बघा, काच आणि त्याच्यात मिलीमीटरभरही जागा नसते.

प्रकाश जास्त ठेवणं ही त्याच्या खालोखाल. डायफ्रॅम (स्लाइडखालची, प्रकाश कमी-जास्त करायची झडप) जवळजवळ बंद करा, पाणीदार शरीरांच्या कडा तेव्हाच उठून दिसतात. आरशाचा मायक्रोस्कोप असेल तर आरसा कधीही थेट सूर्याकडे वळवू नका, डोळा जाईल. टेबललॅम्पपुढे ट्रेसिंग पेपर लावून काम करा.

पळणाऱ्यांना आवरायला थेंबात कापसाचे चार-सहा धागे विस्कटून टाका, त्या कोंडवाड्यात ते अडकतात. तेवढ्याने भागलं नाही तर पाव चमचा इसबगोल ५० मिली पाण्यात अर्धा तास भिजवून फडक्यातून गाळा आणि त्या चिकट पाण्याचा अर्धा थेंब मिसळा. जास्त घातलं तर जीव थांबतात, पण त्यांचे आकारही बदलतात.

सर्वांत चांगल्या स्लाइडी मात्र ड्रॉपरशिवाय मिळतात. थर्माकोलच्या तुकड्याला चीर पाडून त्यात कोरी स्लाइड उभी खोचा आणि पेटीत तरंगत सोडा. पाच ते सात दिवसांनी काढा, एक बाजू पुसा, दुसऱ्या बाजूवर एक थेंब आणि कव्हर स्लिप. त्यावर जे बसलेलं असतं ते आपापल्या जागी, न हललेलं. १०० पटीत व्होर्टिसेलाचा झुबका शोधा : लांब देठ, वर उलटी घंटा, घंटेच्या काठावर भिरभिरणारे केस. टेबलाला टिचकी मारा. सगळे देठ एका क्षणात स्प्रिंगसारखे वळून खाली बसतात आणि मग सावकाश, एकेक करून, सरळ होतात.

*तपासणी :* स्लाइडवरचा थेंब पंधरा-वीस मिनिटांत कडेने सुकायला लागतो. जीव अचानक मंद झाले, गोल व्हायला लागले तर ‘शांत झाले’ असं समजू नका, ते मरतायत. कडेला पेटीतल्या पाण्याचा थेंब द्या.

८. खाणं आणि नोंद

उपाशी राहून मरणाऱ्या पेट्या थोड्या, खाऊ घालून मारलेल्या जास्त. पूर्ण पेटीला उकडलेला गव्हाचा एक दाणा, तो विरघळला की दुसरा. डॅफ्निया बरेच असतील तर मोहरीएवढं यीस्ट ५० मिली पाण्यात कालवून त्यातला एक छोटा चमचा, दर तिसऱ्या दिवशी. दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ दिसलं तर आठवडाभर काही घालू नका. दूध, बिस्किटाचा चुरा, माशांचं खाणं, यातलं काहीही नको.

पॅरामेशियम भरपूर हवे असतील तर वेगळी बरणी करा. मूठभर वाळलेलं गवत लिटरभर पाण्यात दहा मिनिटं उकळा, गार करा, एक दिवस उघडं ठेवा आणि राखीव पाण्यातले चार-पाच ड्रॉपर घाला. आठवडाभरात पृष्ठभागाजवळ काचेवर पांढरट धुकं दिसतं, थेंब तिथूनच घ्या.

नोंदवहीत चार गोष्टी हव्यात : तारीख-वेळ, पाण्याचं तापमान, थेंब पेटीत नेमका कुठून घेतला, किती पटीत पाहिलं. नाव सगळ्यात शेवटी लिहा. आधी नाव ठरवलं की डोळा तेच शोधत बसतो. फोटोपेक्षा पेन्सिलचं चित्र उपयोगी, कारण काढताना केस किती, तोंड कुठे, हे पाहावंच लागतं.

९. पेटी मोडणं

होळी उलटली आणि पाण्याचा पारा दुपारी तीसवर जायला लागला की पेटी आवरा. राखीव बरणीतले जीव त्याच तलावात नेऊन सोडलेत तर चालेल. दुकानातलं हायड्रिला किंवा दुसऱ्या तलावातली जलपर्णी मात्र कुठल्याच पाण्यात टाकायची नाही. ती फरशीवर कडक उन्हात दोन दिवस पूर्ण वाळवून कचऱ्यात द्या. पाणी कुंड्यांतल्या झाडांना घाला, गटारात नको. रेती धुऊन वाळवून पिशवीत भरा. पेटी साबण न लावता गरम पाण्याने धुवा, सांध्यांवर ब्लेड चालवू नका, आणि उपडी न ठेवता उभीच, वर कागद झाकून ठेवा.